बोक्याची साखर, डोक्यातली गाठ

पोरी, बोक्याला दोन वेळा इन्सुलिन चालू आहे, साखर खाली यायचं नाव घेत नाही आणि तरी त्याचं वजन वाढतंय, असं तू फोनवर म्हणालीस. त्यातलं शेवटचं वाक्य मला खटकलं. मधुमेहाचं मांजर हावरटासारखं खातं आणि तरी वाळत जातं. साखर लघवीवाटे निघून जाते, मोरीत मुंग्या लागतात, पाठीचा कणा हाताला लागायला लागतो. साखर काबूत नसताना जो बोका जाडजूड होत जातो, त्याच्या स्वादुपिंडाकडे बघून भागणार नाही. त्याच्या डोक्याकडे बघायला हवं.

मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची इवलीशी ग्रंथी असते. तिच्यात कधीकधी एक सावकाश वाढणारी गाठ होते आणि ती वाढीचं संप्रेरक बेसुमार सोडत राहते. ते यकृतात गेलं की यकृत आयजीएफ-१ नावाचं दुसरं द्रव्य बनवतं. त्याने हाडं, कातडी, आतडी, हृदय सगळं वाढायला लागतं. आणि मूळचं जे वाढीचं संप्रेरक, ते इन्सुलिनला काम करू देत नाही. आपल्या नीरा डाव्या कालव्याचं तुला ठाऊक आहे. धरणातून आवर्तन सुटलेलं असतं, पण वरच्यांनी दारं उघडून पाणी आपल्याकडे वळवलं की टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या उसाला थेंब पोचत नाही. तो बिचारा ओरडतो, मग वरून आणखी पाणी सोडतात. आणि एखाद्या रात्री वरची दारं एकदम बंद झाली की तेच वाढवलेलं पाणी टेलच्या वावरात घुसून पीक झोपवतं. इन्सुलिनचं ह्या आजारात अगदी असंच होतं. मी आज जे काही सांगणार आहे ते सगळं त्या शेवटच्या रात्रीची भीती मनात ठेवून सांगणार आहे.

हे काही काल-परवा कळलेलं नाही. माणसातला हा रोग पॅरिसच्या पिएर मारी ह्या डॉक्टरने १८८६ साली ओळखून त्याला अ‍ॅक्रोमेगली हे नाव दिलं. पुढे अर्जेंटिनात बर्नार्डो हुसे ह्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की पिट्युटरी काढली तर जनावर इन्सुलिनला फार हळवं होतं, आणि पिट्युटरीचा अर्क टोचला तर साखर चढते. १९४७चं नोबेल त्यांना ह्याच कामासाठी मिळालं. म्हणजे साखरेची एक किल्ली डोक्यात असते हे वैद्यकाला पाऊणशे वर्षांपूर्वीच पक्कं ठाऊक झालं होतं. मांजरांत हा रोग दुर्मीळ आहे असं मात्र अलीकडेपर्यंत समजत होते. मग २०१५ साली इंग्लंडात बाराशेहून अधिक मधुमेही मांजरांचं रक्त तपासलं, तर दर चारांतल्या एकाचं आयजीएफ-१ ह्या रोगाचा दाट संशय यावा इतकं वर निघालं. आपल्याकडे अशी मोजणी झाल्याचं माझ्या वाचनात नाही, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा आपल्या पणदरे गावाला लावू नकोस. पण "असलं काही आपल्याकडे नसतं" असं कोणी म्हणालं तर मानही डोलावू नकोस.

माझी नोकरी गाई-म्हशींत गेली. ह्या पट्ट्यात दवाखान्याच्या खोड्यात उभं राहतं ते दुभतं जनावर. जर्सी, होल्स्टीन, फार तर शेळी. मांजराला दवाखान्यात आणलं की चार लोक हसतात. हसू देत. माझ्या घरच्या मांजराला हाच आजार निघाला तेव्हा मी भेटेल त्या डॉक्टरला विचारत, वाचत, हाताने करत शिकलो. त्यातलं उपयोगाचं तेवढं तुला देतोय.

आधी खूण पटव. बोक्याचा दोन-तीन वर्षांपूर्वीचा फोटो मोबाइलमधून काढ आणि आजच्या तोंडाशेजारी धर. तोंड रुंद झालंय का, खालचा जबडा पुढे आलाय का, दातांत फटी पडल्यात का, पंजे थोराड झालेत का, ते बघ. झोपेत घोरायला लागला असेल, पोट सुटलं असेल, तर तेही लिहून ठेव. हा रोग बहुतेक करून मधल्या किंवा उतारवयातल्या, खच्चीकरण केलेल्या बोक्यांत दिसतो; भाटीला होतच नाही असं नाही. आणि हे नीट ऐक: बऱ्याच मांजरांत बाहेरून काहीच दिसत नाही. चारचौघांसारखं तोंड, चारचौघांसारखे पंजे. तिथे खूण एकच, इन्सुलिनचं प्रमाण. पाच किलोच्या बोक्याला एका वेळी सात-आठ युनिटं जाऊनही साखर तीनशेच्या खाली येत नसेल, तर संशय घ्यायचा.

पण गाठीवर खापर फोडायच्या आधी घरचं तपासायचं. दहातली निम्मी "न उतरणारी साखर" सिरींजमध्ये आणि फ्रिजमध्येच सापडते, हा माझा आपला अंदाज.

मेडिकलमध्ये इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. आपल्याकडच्या जुन्या चालीच्या बाटल्या मिलीलीटरला ४० युनिटांच्या, त्यांची सिरींज लाल टोपणाची. ग्लार्जिनसारखं नवं इन्सुलिन १०० युनिटांचं, त्याची सिरींज केशरी टोपणाची. १००चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरींजने चार रेघांपर्यंत ओढलंस, तर बोक्याच्या अंगात चार नाही, दहा युनिटं गेली. उलट केलंस तर चाराच्या जागी दीडच्या आसपास गेली आणि तू म्हणणार औषध लागू पडत नाही. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरींजवरचा आकडा रोज, टोचायच्या आधी, मोठ्याने वाचायचा. दुकानदार "एकच आहे हो" म्हणाला तरी ऐकायचं नाही.

बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि वीज नेमकी तेव्हाच जाते. वीज गेली की फ्रिजचं दार उघडू नकोस. लांबली तर बाटली डबीत घालून डबी माठाच्या गार बुडाशी ओल्या फडक्यात ठेव. मोटारसायकलच्या डिकीत ठेवून बारामतीहून आणलेलं इन्सुलिन मी तरी वापरणार नाही. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं, गढूळ झालं की गेलं. जे इन्सुलिन मुळातच दुधी असतं ते तळहातांत हळू फिरवायचं, खळखळा हलवायचं नाही.

सुई मानेच्या मागच्या जाड कातडीत न देता बरगडीच्या बाजूला दे, आज डावीकडे, उद्या उजवीकडे. बोका खात असताना दे, त्याला कळतही नाही. औषध आत गेलं की केसांत सांडलं अशी शंका आली तर पुन्हा टोचायचं नाही. एक वेळ साखर चढलेली परवडते, दुप्पट इन्सुलिन परवडत नाही. वापरलेल्या सुया उकिरड्यात टाकू नकोस, तेच खत उद्या वावरात जातं आणि अनवाणी माणसाच्या पायात सुई. जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत साठव आणि दवाखान्यात दे.

हे सगळं चोख असूनही साखर हटत नसेल तर डॉक्टरांकडून दात, लघवीतला संसर्ग आणि मागे दिलेली औषधं तपासून घे. खाजेसाठी दिलेलं लांबच्या मुदतीचं स्टेरॉइडचं इंजेक्शन मांजराची साखर महिनोन् महिने बिघडवू शकतं. ते कोणी दिलं होतं का, आठवून सांग.

मग आयजीएफ-१ची रक्ततपासणी. आकडा १०००च्या वर आला तर गाठीची शक्यता फार मोठी. मात्र घाई करू नकोस. इन्सुलिन नुकतंच चालू केलेल्या मांजरात हा आकडा खोटा कमी येतो, कारण यकृताला ते द्रव्य बनवायलाही इन्सुलिन लागतं. सहा-आठ आठवडे इन्सुलिन झाल्यावर रक्त द्यावं. आपल्याला जवळचं मोठं ठिकाण म्हणजे शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय. नीरा, लोणंद करत जायचं. नाहीतर पुणं, मुंबईचं परळ. जाण्याआधी फोन करून नमुना कुठे पाठवतात, बर्फात लागतो का, ते विचार. डोक्याचा सीटी किंवा एमआरआय काढला की गाठ दिसते, पण गाठ बारीक असली तर स्कॅनमध्ये न दिसताही ती असू शकते.

गाठ निघाली असं धरून उपायांचं सरळ सांगतो. मुळावर घाव घालणारा उपाय शस्त्रक्रिया. टाळूतून आत जाऊन पिट्युटरीच काढून टाकतात. हॉलंडमधल्या उट्रेख्ट आणि लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने ह्यात नाव कमावलंय आणि तिथल्या बहुसंख्य मांजरांचं इन्सुलिन सुटलेलं आहे. पण नंतर जन्मभर स्टेरॉइड आणि थायरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतात. दुसरा उपाय किरणोपचार; त्यात थोड्यांचंच इन्सुलिन सुटतं, बाकीच्यांचं कमी होतं. तिसरा पॅसिरिओटाइडचं महिन्याचं इंजेक्शन. ते माणसांचं औषध, किंमत ऐकून आपण बाटली खाली ठेवावी असं. जुलाबही होतात. चौथी कॅबरगोलिनची गोळी. ती मेडिकलमध्ये मिळते, बायकांच्या प्रोलॅक्टिनच्या तक्रारीवर देतात, त्यामानाने स्वस्त. अर्जेंटिनातल्या डॉक्टरांना तिने काही मांजरांत चांगला गुण आलेला दिसला, इंग्लंडातल्यांना दिसला नाही. डॉक्टर म्हणाले तर करून बघायला हरकत नाही, पण त्या आशेवर इन्सुलिन ढिलं सोडायचं नाही. अमेरिकेत २०२२च्या अखेरीपासून मांजरांसाठी साखर लघवीवाटे काढून टाकणारी गोळी आली आहे. ती इन्सुलिनवर असलेल्या मांजरासाठी नाही, हे तिच्या मंजुरीतच लिहिलंय. तेव्हा कोणी परदेशातून आणून देतो म्हणालं तर नको म्हण.

म्हणजे पणदऱ्यात बसून आपल्या हातात राहतं ते इन्सुलिन. वाईट वाटून घेऊ नकोस. नुसत्या इन्सुलिनवर ह्या आजाराची मांजरं वर्ष-दोन वर्षं, काही त्याहून जास्त, बऱ्या अवस्थेत जगतात.

युनिटांचा आकडा बघून बिचकायचं नाही. साध्या मधुमेही मांजराला एका वेळी एक-दोन युनिटं पुरतात. ह्या बोक्यांना दहा, पंधरा, कधी वीसही लागतात. ऐकणारा म्हणेल, एवढं तर माणसालाही देत नाहीत. पण हा आकडा वाढवायचा तो साखरेचा मीटर बघून, बोक्याची भूक बघून नाही. ह्याची भूक संप्रेरकाची आहे, ती साखर उतरली तरी राहते. तो ओरडतोय, पाणी पितोय, म्हणून दोन युनिटं जास्त दिली, असं घरोघर होतं आणि तिथेच घात होतो. गाठ रोज सारखं संप्रेरक सोडत नाही. आज पंधरा युनिटांना दाद न देणारा बोका परवा त्याच पंधराला कोसळू शकतो. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून अर्धं-एक युनिट वाढवायचं, पाच-सात दिवस थांबायचं, मीटर लावायचा, मग पुढचं बघायचं. काही डॉक्टर एका हद्दीनंतर वाढवणंच थांबवतात आणि थोडी चढी साखर पत्करतात. मला ते शहाणपणाचं वाटतं. शंभर-दीडशेवर साखर आणून दाखवायची हौस ह्या रोगात करू नये. दिवसाचा बराचसा वेळ ती अडीचशे-तीनशेच्या आत राहिली, बोका तहान-लघवीने हैराण नसला, तर पुष्कळ झालं.

मीटर माणसांचाच चालेल. तो मांजराची साखर खरी असते त्याहून कमी दाखवतो, एवढं ध्यानात ठेव आणि मीटर बदलत राहू नकोस. कानाच्या कडेला बारीक शीर असते. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं कानाला लाव, मागे कापूस धर आणि कडेला टोच. थेंब मिळाला की कापूस दाबून धर आणि लगेच आवडीचा तुकडा दे. चार-आठ दिवसांत तो स्वतःहून येऊन बसेल, मांजर तुकड्याला विकतं. दवाखान्यात काढलेल्या एका आकड्यावर डोस ठरवू देऊ नकोस. पिशवीतून नेलेल्या, कुत्रं बघून घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेच चढते. घरी दर दोन तासांनी, बारा तास घेतलेले आकडे वहीत लिही आणि ती वही डॉक्टरांना दाखव. पैसे असतील तर माणसांच्या दंडाला लावतात तो सेन्सर पाठीवर केस काढून लावता येतो. रात्री झोपेत काय होतं ते त्यातच कळतं. मात्र मांजर तो चौदा दिवस टिकू देईलच असं नाही.

आता ती कालव्याची रात्र. बोका डगमगला, उगाच हिंडायला लागला, नजर शून्यात लागली, अंग थरथरलं, की साखर खाली गेली असं धर. मीटर साठच्या खाली दाखवत असेल तर चर्चा करायची नाही. शुद्धीत असेल तर लगेच खायला दे. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजचं दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळ. झटके येत असतील तर घशात काही ओतू नकोस, ते फुप्फुसात जाईल. हिरड्यांनाच चोळत गाडी काढ. सावरला तरी पुढचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. मधाची बाटली इन्सुलिनच्या शेजारी ठेव, देवघरात नको; वेळेला सापडत नाही. मीटर हाताशी नसेल आणि शंका असेल तर मध चोळायचाच. त्याने साखर चढली तर चढली.

उलट बाजूचं संकट म्हणजे खाणं टाकणं. हा हावरट बोका ताटाकडे पाठ फिरवतो, ओकतो, मलूल पडतो, तोंडाला नेलपॉलिशसारखा आंबूस वास येतो, तर लघवीत कीटोन झालेत. पट्टीवर तपास आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ. उपाशी बोक्याला पूर्ण डोस टोचायचा नाही, पण आपल्या मनाने इन्सुलिन बंदही करायचं नाही. फोन उचल.

खाण्याचं आपल्याकडचं सगळंच उलटं. मांजर म्हणजे दूध-भाकरी, हे डोक्यातून काढ. ते पक्कं मांसाहारी जनावर. भाकरी, भात, बिस्किटं त्याच्या साखरेत भर घालतात. दूधही नको. उकडलेली कोंबडी, अंडं चालेल, पण कांदा-लसूण-मसाल्याच्या रश्श्यातलं नाही. कांदा-लसूण मांजराचं रक्त नासवतो. नुसत्या कोंबडीवरही फार दिवस काढू नकोस, कॅल्शियम कमी पडतं. टॉरिन नावाचं मांसातलं द्रव्य कमी पडलं तर मांजराचं हृदय खराब होतं हे १९८७ साली कॅलिफोर्नियात सिद्ध झालंय, आणि ह्या बोक्याच्या हृदयावर आधीच गाठीचा मारा आहे. म्हणून कमी पिठाचं, ओलं, डबाबंद तयार खाणं मुख्य ठेव, कोंबडी वरखर्चाला. खारवलेले बोंबील आणि सुकट बंद. त्याला उपाशी ठेवून वजन उतरवायचं नाही. चार वेळा थोडं थोडं दे आणि स्वयंपाकघराला कडी लाव, कारण हा फडताळ उघडून खाईल. पाणी कधीही तोडू नकोस. रोज किती संपलं ते मापाने लिही. साखरेचा साधारण कल त्यावरूनही कळतो; डोस मात्र मीटर बघूनच.

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथी ह्यातलं काही नको. आजोबांची मेटफॉर्मिनची गोळीही नको. आणि पाय लंगडतोय म्हणून क्रोसिन दिलीस तर मांजर मरेल. पॅरासिटामॉलची एक गोळी त्याला पुरते.

कोणत्याही नव्या डॉक्टरकडे गेलीस की पहिलं वाक्य हे बोल: ह्याला गाठ आहे आणि हृदय जाड झालेलं असू शकतं. सलाइन भराभर सोडलं तर अशा हृदयाला ते झेपत नाही, भूलही जपून द्यावी लागते. बसल्या जागी श्वास जोरात चालला, झोपेत मिनिटाला तीस-चाळीसच्या पुढे गेला, तर सकाळची वाट बघू नकोस. मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालायला लागला तर तो साखरेचा परिणाम आहे, साखर आवरली तर थोडाफार सुधारतो. मात्र गोल गोल फिरणं, भिंतीला डोकं टेकून उभं राहणं, दिसेनासं होणं, ही गाठ मेंदूवर दाबायला लागल्याची लक्षणं. तिथे इन्सुलिनचा हिशेब संपतो आणि डॉक्टरांशी वेगळं बोलणं करावं लागतं. ते बोलणं टाळू नकोस, आणि लोक काय म्हणतील म्हणून लांबवूही नकोस.

गावाला जायचं असेल तर सुई शेजाऱ्याच्या हातात देऊन निघू नकोस. घरातल्या आणखी एकाला आत्तापासून शिकव, आपल्यासमोर दहा वेळा देऊ दे. फ्रिजच्या दारावर कागद चिकटव: कोणतं इन्सुलिन, कोणत्या रंगाच्या टोपणाची सिरींज, किती युनिटं, डॉक्टरांचा नंबर. आणि त्या कागदावर डोस पेन्सिलीने लिही, तो बदलणार आहे.